भीती कोणाची? : कल्ट भयपट आणि भयाचे व्हिडिओ गेम

आजचा विषय जाहीर झाला तेव्हा काही श्रोत्यांनी विचारलं की, तत्त्वज्ञानाच्या माणसाला हे भुताखेतांचे सिनेमे आणि पोरांचे गेम कशाला हवेत? प्रश्न रास्त आहे. आमचं उत्तर असं की, माणूस पैसे मोजून, वेळ काढून, खोलीतले दिवे मालवून स्वतःला घाबरवून घेतो, ही मुळातच विलक्षण गोष्ट आहे. तिच्याकडे तत्त्वज्ञानाने पाहायचं नाही तर मग कशाकडे पाहायचं?

आज आम्हाला एकच मुद्दा मांडायचा आहे. भयपट आपल्याला भीती दाखवतो. भयाचा गेम ती भीती आपल्या नावावर करतो, सातबाऱ्यावर नाव चढावं तशी. या एका फरकामुळे काय मिळतं आणि काय जातं, याचा हिशेब आपण करणार आहोत. त्या ओघात काही सिनेमांचे आणि एका गेमचा शेवट उघड होईल. ज्यांना ते अजून पाहायचे-खेळायचे आहेत त्यांनी हे व्याख्यान नंतर ऐकावं; आमचा राग नाही.

कल्ट आणि गेम : एकाच घरातली दोन भावंडं

आधी 'कल्ट' म्हणजे काय ते बघू. जो सिनेमा प्रदर्शित झाला तेव्हा एक तर चालला नाही, किंवा चालला तरी प्रतिष्ठितांनी नाक मुरडलं, पण ज्याला थोड्या लोकांनी धरून ठेवलं, पुन्हा पुन्हा पाहिलं, तो कल्ट. पंथ जसा गुरूच्या पश्चात शिष्यांमुळे टिकतो, तसा हा सिनेमा प्रेक्षकांमुळे टिकतो. भयपटांत असे सिनेमे पुष्कळ, कारण भयपट कमी पैशात होतो आणि प्रतिष्ठितांना तो आवडत नाही.

आता गंमत अशी की, भयाचे गेम याच कल्ट सिनेमांच्या मांडीवर वाढले. १९८९ साली जपानमध्ये कियोशी कुरोसावा या दिग्दर्शकाचा 'स्वीट होम' नावाचा भयपट आला. एका ओसाड वाड्यात भित्तिचित्रांसाठी गेलेली माणसं, आणि तिथे वास करणारा एका बाईचा आत्मा. त्याच वर्षी कॅपकॉम कंपनीने त्याच नावाचा गेम काढला. पुढे याच कंपनीने शिंजी मिकामी यांच्याकडे त्या गेमच्या धर्तीवर नवा गेम करायचं काम सोपवलं. त्यातून १९९६ साली 'रेसिडेंट ईव्हिल' उभा राहिला. त्यात पुन्हा ओसाड वाडा आहे, पण वाड्यात आता अमेरिकन सिनेमातली चालती प्रेतं आहेत. ती प्रेतं जॉर्ज रोमेरो या दिग्दर्शकाची. आणि वर्तुळ पूर्ण व्हावं तसं, 'रेसिडेंट ईव्हिल २' ची जपानमधली जाहिरात करायला खुद्द रोमेरोलाच बोलावलं गेलं. म्हणजे हे दोन परके प्रांत नाहीत. तेव्हा तुलना करायला आपल्याला पूर्ण अधिकार आहे.

अभिनवगुप्ताचं हरीण

आता थोडं शास्त्र. भरताच्या नाट्यशास्त्रात भयानक हा एक रस आहे आणि त्याचा स्थायिभाव भय. पण भय ही तर दुःखद गोष्ट. ती रंगमंचावर आली की आस्वाद्य कशी होते? हजार वर्षांपूर्वी काश्मीरमध्ये अभिनवगुप्ताने याचं उत्तर दिलं, आणि त्यासाठी उदाहरण घेतलं 'शाकुंतला'तल्या पहिल्या अंकातल्या हरणाचं. दुष्यंताचा रथ मागे लागला आहे, हरीण मान वळवून वळवून मागे पाहत धावतं आहे. अभिनवगुप्त म्हणतो, इथे प्रेक्षकाला 'मी घाबरलो' असं वाटत नाही, 'ते हरीण घाबरलं' एवढंच कोरडं ज्ञानही होत नाही. माझं-परक्याचं, इथलं-तिथलं ही सगळी कुंपणं गळून पडतात आणि नुसतं भय उरतं. याला साधारणीकरण म्हणतात. आणि या आस्वादाच्या आड येणारी जी विघ्नं त्याने सांगितली आहेत, त्यांत स्वतःच्या सुखदुःखात गुरफटून जाणं हे एक विघ्न आहे. ज्याच्या घरी आजारी माणूस आहे तो नाटकात रमेल कसा?

पाश्चात्त्य विचारातही या प्रश्नाची चर्चा आहे. केंडल वॉल्टन या तत्त्वज्ञाने १९७८ साली एक प्रसिद्ध निबंध लिहिला. चार्ल्स नावाचा प्रेक्षक सिनेमात हिरवा चिकट राक्षस आपल्या अंगावर येताना पाहतो. छाती धडधडते, मुठी आवळल्या जातात. पण तो उठून पळत नाही, पोलिसांना बोलावत नाही. मग तो खरोखर घाबरला आहे का? वॉल्टनचं म्हणणं, नाही. तो एक मनाचा खेळ खेळतो आहे आणि ती भीती त्या खेळातली आहे.

'पळत नाही' हा शब्द लक्षात ठेवा. कारण गेम खेळणारा पळतो. अंगठ्याने पळतो, पण पळतो. आणि पळायला उशीर झाला तर मरतो.

तळघरातला हिशेब

सिनेमा काय करू शकतो ते आधी नीट पाहू, म्हणजे गेमची बाजू घेताना अन्याय होणार नाही. उदाहरण रोमेरोचाच १९६८ सालचा 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड'. पिट्सबर्गच्या आसपास, जेमतेम सव्वा लाख डॉलरच्या आतबाहेर, कृष्णधवल चित्रफितीवर केलेला सिनेमा. आज आपण ज्याला झॉम्बी म्हणतो ते प्रकरण इथून सुरू झालं, पण सिनेमात तो शब्द एकदाही येत नाही. प्रदर्शनाच्या वेळी नाव बदललं आणि नव्या शीर्षकपट्टीवर स्वामित्वहक्काची सूचना घालायची राहून गेली. त्या काळच्या अमेरिकन कायद्याने सिनेमा सर्वांचा झाला. कोणीही दाखवावा, कोणीही विकावा. निर्मात्यांचं नुकसान झालं, पण सिनेमा घराघरात पोहोचला तो त्यामुळेच.

एका शेतघरात सात माणसं अडकली आहेत, बाहेर प्रेतं. आत दोघांचं भांडण. बेन म्हणतो वर राहून दारंखिडक्या ठोकू. कूपर म्हणतो तळघरात जाऊ, तिथे एकच दार आहे. बेन धीराचा, शहाणा. कूपर भेकड, आपमतलबी. प्रेक्षक अर्थात बेनच्या बाजूने. आणि शेवटी काय होतं? वरची तटबंदी फुटते, सगळे मरतात, आणि बेन जगतो तो तळघरात जाऊन. म्हणजे भेकड माणसाचं म्हणणं बरोबर होतं. सकाळी बंदूकधारी लोकांची टोळी येते. बेन आवाज ऐकून वर येतो, खिडकीपाशी उभा राहतो, आणि टोळीतला एक जण त्याला प्रेत समजून गोळी घालतो. बेनचं काम करणारा ड्युएन जोन्स हा कृष्णवर्णीय नट होता. ज्या वर्षाच्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची गोळी घालून हत्या झाली, त्याच वर्षाच्या ऑक्टोबरमध्ये हा सिनेमा लोकांनी पाहिला. भूमिका कृष्णवर्णीय नट डोळ्यांपुढे ठेवून लिहिलेली नव्हती. पण बेनचा देह आकडे घेतलेली गोरी माणसं ओढून नेतात, ती खरखरीत स्थिरचित्रं पाहताना अमेरिकेतल्या कोणत्या छायाचित्रांची आठवण होते, हे सांगायची गरज नव्हती.

इथे सिनेमाचं बळ दिसतं. आपण काहीच करू शकत नाही. बेन खिडकीकडे जातो आहे आणि आपल्याला ओरडून सांगता येत नाही. ही असहायता हेच भयपटाचं साधन. आपले हात बांधलेले आहेत म्हणूनच डोळे उघडे राहतात. अभिनवगुप्ताचं हरीण इथे पुन्हा धावतं : भय बेनचं नाही, माझंही नाही, ते त्या देशाचं आणि त्या काळाचं भय आहे. हे गेमला जमेल का? आम्हाला वाटतं, याच पद्धतीने नाही जमणार. बेनचा खेळाडू झालो तर आपण खिडकीपाशी जाणारच नाही.

शाईची फीत आणि धुकं

मग गेम काय करतो? सुरुवातीला अगदी क्षुद्र गोष्ट करतो. 'रेसिडेंट ईव्हिल' मध्ये खेळ जतन करायचा तर टंकलेखन यंत्र शोधावं लागतं, आणि त्या यंत्राला शाईची फीत लागते, आणि फिती मोजक्याच मिळतात. गोळ्या मोजक्या. कॅमेरा एका कोपऱ्यात खिळलेला, त्यामुळे वळणापलीकडे काय आहे ते दिसत नाही. ऐकू मात्र येतं. समजा, शेवटची फीत वापरून तास झाला आहे आणि पुढच्या दालनात पाय घासत चालल्याचा आवाज येतो आहे. आता जी भीती वाटते ती कोणाची? वॉल्टनला इथे अडचण येईल. कारण एक तासाचा खेळ पाण्यात जाईल ही भीती मनाच्या खेळातली नाही, ती खरीखुरी आहे. तास आपला आहे. अभिनवगुप्त मात्र लगेच म्हणेल की, हेच तर मी सांगत होतो, हे रसविघ्न आहे. तुम्ही स्वतःच्या नुकसानीत अडकलात, आस्वाद कसला?

आणि बरेचसे भयाचे गेम इथेच थांबतात. २०१४ साली आलेला 'फाइव्ह नाइट्स ॲट फ्रेडीज' घ्या. कल्पना फार चांगली आहे. तुम्ही एका पिझ्झा-घराचे रात्रपाळीचे राखणदार, खुर्चीला खिळलेले. दारं बंद करायला वीज लागते, कॅमेरे बघायला वीज लागते, आणि वीज टक्क्याटक्क्याने संपते आहे. म्हणजे बघण्याचीही किंमत मोजायची. या कल्पनेत एक सबंध कादंबरी आहे. पण प्रत्येक हरण्याचा शेवट एकच : यंत्रबाहुली अंगावर किंचाळत येते आणि आपण दचकतो. दचकणं ही स्नायूंची क्रिया आहे. फटाका कानाशी वाजला तरी माणूस दचकतो. त्याला कोणी कलानुभव म्हणत नाही. आणि म्हणूनच, दुसरा माणूस खेळताना कसा दचकतो हे बघण्याचा शौक अशा गेममुळे एवढा फोफावला. खेळणारा पडद्यावर, आपण पुन्हा प्रेक्षकात.

याहून बरी वाट १९९९ सालच्या 'सायलेंट हिल' ने दाखवली. त्या वेळच्या प्लेस्टेशन यंत्राला लांबवरचं शहर रेखाटण्याची ताकद नव्हती. कोनामी कंपनीतल्या गटाने शहरावर धुकं पसरून ती उणीव झाकली. खेळाडूच्या खिशात एक छोटा रेडिओ, आणि काही अमंगळ जवळ आलं की तो खरखरतो. झाकायला घेतलेली चादर वस्त्र होऊन बसली. कशाची तरी भीती वाटणं वेगळं आणि कशाची ते न कळता जीव घाबरा होणं वेगळं, हा भेद किर्केगोरने १८४४ सालच्या आपल्या ग्रंथात केला आहे. राक्षस दिसला की भीती. धुकं आणि खरखर ही दुसरी गोष्ट, मराठीत आपण तिला हुरहूर म्हणू, धास्ती म्हणू. दोन वर्षांनी दुसरा भाग जास्त ताकदीच्या यंत्रावर आला. आता धुक्याची तांत्रिक गरज तेवढी उरली नव्हती. तरी त्यांनी धुकं ठेवलं, आणि ते अधिक दाट आणि सुंदर केलं. कलावंत ओळखायचा तो असा.

गेम आपल्याला वाचतो

तो दुसरा भाग, २००१ सालचा 'सायलेंट हिल २', हे आजच्या विवेचनाचं मुख्य उदाहरण. आमचा अंगठा सत्तरीनंतरचा आहे, चपळ नाही. एका माजी विद्यार्थ्याला शेजारी बसवून आम्ही तो हळूहळू खेळलो, आणि पुढचं सगळं त्या खेळण्यातून आलेलं आहे.

जेम्स संडरलंड हा साधा माणूस. त्याची बायको मेरी आजारपणात वारली, तीन वर्षं झाली, असं तो सांगतो. तिचं पत्र येतं : आपल्या खास जागी मी तुझी वाट पाहते आहे. तो सायलेंट हिल गावात येतो. गाडी लावल्यावर गावापर्यंत रानातून पायवाट आहे, आणि ती वाट कंटाळा यावा इतकी लांब आहे. वाटेत राक्षस नाही, कोडं नाही. नुसतं चालायचं. सिनेमाचा संकलक ही वाट तीन सेकंदांत संपवेल. इथे ती आपल्याला चालावी लागते, आणि चालता चालता परतीचा विचार करायला पुरेसा वेळ मिळतो, पण आपण परतत नाही. पुढे जायचं बटण आपणच दाबून धरलेलं असतं.

गावात जेम्सला इतर काही माणसं भेटतात. अँजेला नावाची मुलगी, जिच्यावर बापाने अत्याचार केले. एका प्रसंगात ती जळत्या जिन्यावर उभी आहे. जेम्सला धग लागते, आणि ती सुचवते की तिच्यासाठी हे रोजचंच आहे. लॉरा नावाची आठ वर्षांची पोर गावात बिनधास्त हिंडते. तिला राक्षस दिसतच नाहीत. का? कारण हे गाव ज्याच्या-त्याच्या मनातलं त्याला दाखवतं, आणि लेकराच्या मनात दाखवण्यासारखं काही नाही. जेम्सच्या मागे लागतो तो डोक्यावर लोखंडी पिरॅमिड घातलेला दैत्य. पुढे एका हॉटेलात, ३१२ क्रमांकाच्या खोलीत, एक चित्रफीत लागते आणि उलगडा होतो. मेरी आजाराने गेली नाही. तिला जेम्सनेच उशीने गुदमरवलं, आणि ते अलीकडेच. तो दैत्य त्याला मारायला नव्हता आला. आपल्याला कोणीतरी शिक्षा करावी अशी जेम्सचीच इच्छा होती, ती रूप घेऊन आली होती. आणि मेरीचं ते पत्र? खेळ चालू असताना मधूनमधून ते काढून पाहिलं तर दिसतं की त्यावरची अक्षरं हळूहळू नाहीशी होत जातात. शेवटी कागद कोरा.

इथवर जे सांगितलं ते सिनेमालाही जमलं असतं. एड्रियन लाइनच्या १९९० सालच्या 'जेकब्ज लॅडर' या कल्ट सिनेमाची छाया 'सायलेंट हिल' मालिकेवर आहेच. त्यातही नायकाच्या भोवतीचं नरक त्याच्याच मनातून निघतं. पण आता पुढचं ऐका.

या गेमला अनेक शेवट आहेत. एका शेवटात जेम्स लॉराला घेऊन गावातून बाहेर पडतो. एकात तो मेरीसारख्या दिसणाऱ्या मारिया नावाच्या बाईबरोबर जातो, आणि जुनंच दुखणं नव्याने सुरू होणार अशी चाहूल लागते. एकात तो तळ्यात जीव देतो. यांपैकी कोणता शेवट मिळणार हे कुठल्या प्रश्नाला 'हो' किंवा 'नाही' म्हणून ठरत नाही. गेम गुपचूप बघत असतो. जखम झाल्यावर तुम्ही लगेच औषध घेता, की तसेच रक्तबंबाळ फिरत राहता? मेरीचा फोटो, तिचं पत्र अधूनमधून काढून पाहता का? अँजेलाकडून घेतलेली सुरी तुम्ही पुन्हा पुन्हा न्याहाळता का? मारियाच्या जवळ जवळ राहता का? जो खेळाडू जखमा अंगावर वागवतो आणि सुरीकडे पाहत राहतो, त्याचा जेम्स तळ्याकडे जातो. आणि हे नियम खेळताना कुठेही सांगितलेले नाहीत.

हे आम्हाला फार महत्त्वाचं वाटतं. औषध न घेणं हा आपल्या लेखी निव्वळ काटकसरीचा निर्णय होता : बाटली पुढे लागेल, जपून ठेवू. गेमने त्याचा अर्थ लावला की, या माणसाला स्वतःच्या जिवाची पर्वा उरलेली नाही. आपण अन्याय झाला म्हणून तक्रार करतो. मग जरा थांबून वाटतं की, खऱ्या आयुष्यात तरी आपल्या माणसांनी आपल्याला याहून वेगळं कशावरून ओळखलं? मोठ्या प्रसंगी केलेल्या भाषणांवरून नव्हे. औषध वेळेवर घेतलं का, विचारपूस केली का, कोणाचा फोटो हाताशी ठेवला, यावरूनच. आजाऱ्याची वर्षानुवर्षं शुश्रूषा केलेल्या घरांतल्या लोकांना हे समजावून सांगावं लागणार नाही. तिथे प्रेम आणि कंटाळा, दया आणि सुटकेची इच्छा एकाच उशाशी असतात, आणि त्यातलं काय खरं हे वागण्याच्या बारीकसारीक सवयी सांगतात.

आता आपल्या प्रश्नाकडे वळू. शाईच्या फितीची भीती ही स्वतःच्या नुकसानीची भीती होती, म्हणून ते विघ्न. 'सायलेंट हिल २' मध्येही भीती आपल्या नावावर चढते, पण ती नुकसानीची राहत नाही. 'माझं काय होईल' याच्या जागी 'मी कसा वागत होतो' हा प्रश्न येतो. अभिनवगुप्ताच्या चौकटीत हे बसत नाही, हे मान्य करायला हवं, कारण त्याच्यापुढे असा प्रेक्षकच नव्हता ज्याच्या हाताने नाटक पुढे सरकतं. रसिकाने आपला 'मी' दाराबाहेर ठेवून यावं असं रसशास्त्र सांगतं. इथे 'मी' ला आत घेतलं जातं आणि शेवटी त्याचीच झडती होते.

दोन आक्षेप

पहिला आक्षेप : जेम्सने खून केला तो गेम सुरू होण्यापूर्वी. खेळाडूला त्यात निवड नव्हती. मग त्याच्यावर अपराध कसला लादता? आक्षेप बरोबर आहे, आणि गेमचा शहाणपणा असा की त्याने तो अपराध लादलाच नाही. खून जेम्सचा. खुनानंतर त्या माणसाला कसं वागवायचं, एवढंच आपल्या हाती दिलं. त्याला जगवायचं की झिजवायचं हा भार मात्र पूर्ण आपला.

दुसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. गेममध्ये मरण खोटं असतं. मेलो की पुन्हा सुरू. जिथे मरण परत फिरवता येतं तिथे शोकात्म काही घडूच शकत नाही. बेन मेला तो मेला. म्हणून तो शेवट साठ वर्षं होत आली तरी घशात अडकतो. आम्हाला हा आक्षेप बहुतेक गेमना लागू वाटतो. विसाव्यांदा तोच राक्षस अंगावर आला की भीती जाते आणि चीड उरते. 'सायलेंट हिल २' त्यातून सुटतो तो एवढ्यासाठीच की, त्याने खरी गोष्ट मरणात ठेवली नाही. मरण परत फिरवता येतं, सवय परत फिरवता येत नाही. शेवट समोर आला तेव्हा कळतं की, निर्णय कितीतरी तासांपूर्वी घेऊन झाला होता.

गर्भगृहातला खेळ

आता एक उदाहरण आपल्या मातीतलं, कारण ते या दोन माध्यमांच्या सीमेवर बरोबर उभं आहे. राही अनिल बर्वे यांचा २०१८ सालचा 'तुंबाड'. भाषा हिंदी, पण नाव श्री. ना. पेंडशांच्या कादंबरीवरून घेतलेलं, स्फूर्ती नारायण धारपांच्या कथेची, आणि ओलसर अंधार कोकणचा. प्रदर्शित झाला तेव्हा माफक चालला. लोकांनी धरून ठेवला. सप्टेंबर २०२४ मध्ये पुन्हा चित्रपटगृहांत लागला तेव्हा पहिल्या खेपेपेक्षा जास्त कमाई करून गेला. कल्ट म्हणजे काय याची व्याख्या मघाशी दिली, तिचं हे घरचं उदाहरण.

त्यातली रचना बघा. विनायकराव दोरावरून देवीच्या गर्भात उतरतो. पिठाचं रिंगण आखतो. पिठाची बाहुली पुढे करतो. भुकेला हस्तर बाहुलीवर तुटून पडतो, तेवढ्या वेळात त्याच्या लंगोटीतल्या मोहरा ओढायच्या आणि दोरावरून वर. मोजका वेळ, मोजकी साधनं, ठरलेले नियम, प्रत्येक फेरीत कमाई. हा हुबेहूब गेम आहे! शेवटी त्याचा मुलगा पांडुरंग सुचवतो की एकेक मोहर कशाला, सगळी लंगोटीच पळवू. बापलेक एकाऐवजी बाहुल्यांचा ढीग घेऊन उतरतात, आणि जितक्या बाहुल्या तितके हस्तर.

सिनेमा म्हणून 'तुंबाड' मोठा आहे. पण प्रेक्षागृहात आपण कुठे बसलेलो असतो? लोभी विनायकराव आहे, आपण नाही. शेवटी पांडुरंग ती लंगोटी नाकारतो तेव्हा आपणही त्याच्या बाजूने नाकारतो आणि स्वच्छ हाताने घरी येतो. आता हाच प्रसंग गेममध्ये कल्पून पाहा. दहा वेळा उतरलात, दहा वेळा सुखरूप वर आलात, हात बसला आहे. 'सगळीच पळवू' हे पांडुरंगाला सुचवावंच लागणार नाही. ते आपल्याला आधीच सुचलेलं असेल. आणि बाहुल्यांचा ढीग मळताना आपल्याला लोभ वाटणार नाही, हुशारी वाटेल. लोभ आतून असाच दिसतो. बाहेरून तो हस्तरसारखा दिसतो, हे सिनेमाने दाखवलं. आतून तो कसा लागतो, हे दाखवण्याची जागा गेमपाशी आहे, आणि ती बहुतेक गेमकर्त्यांनी रिकामी ठेवली आहे. मोहरा गोळा करायला लावणारे गेम अगणित आहेत. मोहरा का गोळा करतोस असं विचारणारे हाताच्या बोटांवर.

म्हणून आमचा निर्णय असा. भयपट असो की गेम, त्याने किती दचकवलं हे मोजू नये. 'नाइट ऑफ द लिव्हिंग डेड' पाहून झाल्यावर आपण समाजाबद्दल घाबरतो. 'सायलेंट हिल २' संपल्यावर स्वतःच्या सवयींबद्दल. दोन्ही भीती उपयोगाच्या आहेत, आणि एकीचं काम दुसरी करू शकत नाही. उरलेलं बरंचसं फटाक्यासारखं आहे : वाजलं, संपलं. टीकाकाराचं काम फटाके आणि दिवे वेगळे करण्याचं. सिनेमाच्या बाबतीत हे काम बऱ्यापैकी झालं आहे. गेमच्या बाबतीत मराठीत ते जवळजवळ सुरूच व्हायचं आहे, आणि ते आमच्या पिढीकडून होणार नाही. ज्यांचे अंगठे चपळ आहेत त्यांनी लेखणीही उचलावी.

प्रश्नोत्तरांतून

एका आईने विचारलं आहे : चौदा वर्षांच्या मुलाला असे गेम खेळू द्यावेत का? 'सायलेंट हिल २' ला अमेरिकेत सतरा वर्षांवरील वयासाठीचं मानांकन आहे, आणि त्यात आत्महत्या, अत्याचार हे विषय आहेत. तेव्हा चौदाव्या वर्षी नको, असं आम्ही स्पष्ट सांगू. पण जे खेळतो आहे ते पंधरा मिनिटं शेजारी बसून बघा, आणि 'हे काय भलतंसलतं' असं म्हणण्याऐवजी 'तू आत्ता हे का केलंस?' असं विचारा. तो गेम चांगला असेल तर मुलाकडे उत्तर असेल.

दुसरा प्रश्न : २०२४ साली 'सायलेंट हिल २' नव्याने आला, पोलंडच्या ब्लूबर टीम या कंपनीने केलेला. कोणता खेळावा? नवा खेळायला सोपा आहे, चेहरे बोलके आहेत. जुन्यात चालणं अवघड, कॅमेरा हट्टी, आवाज थोडे विचित्र. नवशिक्याने नव्यापासून सुरुवात केली तरी बिघडत नाही. पण जुन्यातल्या त्या अवघडलेपणात जेम्सच्या मनाचं अवघडलेपण नकळत मिसळलं आहे, म्हणून जमल्यास जुनाही खेळावा. आणि जखम झाली की औषध घ्यावं.